चार दुपारी आणि ६२८ धावा: ए. ई. जे. कॉलिन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ जानेवारी २०१६ च्या संध्याकाळी कल्याणच्या एका शालेय सामन्यात प्रणव धनावडे ६५२ वर नाबाद राहिला, आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत एका इंग्रजाचं नाव आलं. तो इंग्रज जाऊन तोवर एकशे एक वर्षं झाली होती. बातमीत त्याच्या वाट्याला एकच ओळ होती: कॉलिन्स, ६२८ नाबाद, १८९९. त्याच दिवशी प्रणव हजारावर पोचला आणि ती ओळही मागे पडली.

जुने धावफलक उकरायची मला खोड आहे, हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे तेव्हापासून या कॉलिन्सबद्दल मला बरंच काही विचारलं जातं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा कॉलिन्स नेमका कोण?

पूर्ण नाव आर्थर एडवर्ड ज्यून कॉलिन्स. जन्म १८ ऑगस्ट १८८५, मृत्यू ११ नोव्हेंबर १९१४. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेचा विद्यार्थी, पुढे ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर अधिकारी. प्रथम श्रेणीचा एकही सामना तो खेळला नाही. तरीही एका डावात सर्वाधिक धावांचा जागतिक विक्रम ११६ वर्षं त्याच्या नावावर होता, आणि तो त्याने वयाच्या तेराव्या वर्षी केला होता.

तेराव्या वर्षी? काही ठिकाणी चौदा लिहिलेलं असतं.

तेराच. सामना २२ जून १८९९ ला सुरू झाला. त्या दिवशी त्याला तेरा वर्षं आणि दहा महिने झाले होते. आपल्याकडे ‘चौदावं चालू’ म्हणतात, त्या हिशेबाने चौदाही चालेल.

तो भारतात जन्मला होता हे खरं का?

हो. जन्म हजारीबागचा, म्हणजे आजच्या झारखंडमधला. तेव्हा तो भाग बंगाल प्रांतात मोडायचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश होते.

हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या इंग्रज घरांची एक ठरलेली रीत होती. मूल जरा मोठं झालं की त्याला बोटीत बसवून विलायतेला पाठवायचं, शाळेत घालायचं, आणि सुटीत नातेवाईक किंवा पालक म्हणून नेमलेलं एखादं कुटुंब त्याला सांभाळणार. आईबाप इकडे, पोर तिकडे. कॉलिन्सच्या बाबतीत तेवढंही उरलं नव्हतं. सप्टेंबर १८९७ मध्ये तो क्लिफ्टनला दाखल झाला तेव्हा आई आणि वडील दोघंही वारले होते. पालक डेव्हन परगण्यातल्या टॅव्हिस्टॉक गावी राहत.

हे मी मुद्दाम सांगतो. ‘इंग्रजांचा लाडावलेला पोरगा, मोठ्या शाळेत मजा मारत होता’ असा सूर बऱ्याचदा ऐकू येतो. शाळा मोठी होती, हे खरं. पण सुटीत घरी जाऊन आईला स्कोअर सांगायची सोय त्या पोराला नव्हती.

हौशी क्रिकेटपटू म्हणजे काय? त्या काळी सगळेच हौशी नव्हते का?

नव्हते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या, जात हा शब्द अगदी विचार करून वापरतो आहे. ‘जंटलमन’ म्हणजे पैसे न घेता खेळणारा, घरचं खाऊनपिऊन सुखी. ‘प्लेअर’ म्हणजे खेळण्याची मजुरी घेणारा. एकाच संघातून खेळले तरी कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत यायची फाटकंसुद्धा वेगळी. छापील धावफलकातही फरक असे. हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी मानाने छापायची, व्यावसायिकाची मागे ढकलायची किंवा गाळायची. हा भेद १९६२ च्या हंगामानंतर अधिकृतपणे संपला, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र राज्य झालं तरी लॉर्ड्सवर तो चालूच होता.

यातला ढोंगीपणा त्या काळीही लपलेला नव्हता. त्या काळचा सगळ्यात नावाजलेला फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस कागदोपत्री हौशी, पण त्याने क्रिकेटवर जेवढा पैसा मिळवला तेवढा कित्येक व्यावसायिकांनी मिळून मिळवला नसेल. कॉलिन्स मात्र खराखुरा हौशी. आधी शाळकरी पोर, मग लष्करातला अधिकारी. क्रिकेट त्याच्या पोटापाण्याशी कधी जोडलेलंच नव्हतं.

सामना कोणता होता?

शाळेतल्या शाळेतला. क्लिफ्टनसारख्या शाळांमध्ये मुलं ‘हाऊस’मध्ये वाटलेली असत. आपल्या शाळांत लाल, निळा, पिवळा गट असतात, तसंच, फक्त चुरस त्याहून फार कडवी. कॉलिन्स क्लार्क्स हाऊसचा. समोर नॉर्थ टाऊन, म्हणजे शहरात घरी राहून शाळेत येणाऱ्या मुलांचा गट. तोही लहान मुलांचा सामना. शाळेच्या मुख्य संघाशी त्याचा काही संबंध नव्हता.

शाळेचं मुख्य मैदान ‘क्लोज’. तिथे ग्लॉस्टरशायर परगण्याचे सामने व्हायचे आणि ग्रेसने तिथे शतकांची रास लावली होती. या पोरांना अर्थातच ते मैदान मिळालं नाही. गथ्री रोडलगतचा एक तुकडा त्यांच्या वाट्याला आला.

चार दिवस एकच सामना? शाळा नव्हती का?

शाळा होती, म्हणूनच चार दिवस लागले. तास संपले की खेळ, संध्याकाळ झाली की स्टंप उचलायचे, जिथे थांबलो तिथून दुसऱ्या दिवशी पुढे.

गुरुवार, २२ जून. कॉलिन्सने नाणेफेक जिंकली आणि स्वतःच सलामीला गेला. खेळ साडेतीनच्या सुमारास सुरू झाला. सहा वाजता थांबले तेव्हा त्याच्या दोनशेच्या आसपास धावा झाल्या होत्या. अडीच तासांत दोनशे, इथपर्यंत गोष्ट शाळेच्या फाटकाबाहेर जाण्यासारखी नव्हती.

शुक्रवारी बातमी पसरली. बघायला गर्दी जमू लागली. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याने ४८५ चा तेव्हाचा जागतिक विक्रम ओलांडला. दिवसअखेर ५०९ नाबाद. एका दुपारी तीनशेवर धावा! चारही दिवसांतली खरी दुपार हीच.

शनिवार-रविवार खेळ नाही. सोमवारी, २६ तारखेला, जेमतेम पाऊण-एक तास मिळाला, तेवढ्यात ५९८. आणि मंगळवारी, २७ जूनला, ६२८ वर असताना समोरचा गडी बाद झाला आणि डाव संपला. संघाच्या धावा ८३६.

एकूण फलंदाजी ६ तास ५० मिनिटं. ताशी ब्याण्णव धावांचा वेग पडतो. म्हणजे पोरगा नुसता चिकटून राहिला नव्हता, झोडत होता.

एवढ्या धावा झाल्यावर डाव घोषित का केला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. ‘समोरच्या पोरांची दया नाही आली?’

तेव्हाचा नियम बघा. १८८९ पर्यंत डाव घोषित करण्याची तरतूदच नव्हती. सगळे बाद होईपर्यंत खेळायचं. १८८९ मध्ये परवानगी मिळाली ती सामन्याच्या शेवटच्या दिवशी डाव सोडण्याची. आता जो सामना निकाल लागेपर्यंत, जमेल त्या दुपारी, तुकड्यातुकड्याने चालतो, त्याचा शेवटचा दिवस कोणता म्हणायचा? आणि दुसरं, निकाल लागेपर्यंत खेळायचंच असेल तर वेळ वाचवण्यासाठी डाव सोडायची गरजही उरत नाही. आज आपण वेळेच्या क्रिकेटच्या चष्म्यातून बघतो म्हणून ते विचित्र वाटतं.

दया वगैरे मात्र त्या वयाच्या पोरांकडून मी कुठल्याच काळात अपेक्षिणार नाही.

मैदान म्हणे अगदी छोटं होतं. मग ६२८ चं कौतुक कशाला?

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण अर्धवट माहितीवर सगळ्यात जास्त वाद इथेच होतात.

तुकडा वेडावाकडा होता, हे खरं. पूर्वेच्या बाजूला ७० यार्डांवर भिंत. पण त्या भिंतीला चेंडू लागला तर चौकार नव्हे, फक्त दोन धावा मिळत. उरलेल्या बाजूंना मैदान हलक्या उताराने खाली जात होतं आणि तिकडे सीमारेषाच नव्हती. थेट शाळेच्या रुग्णालयाच्या इमारतीपलीकडे, कित्येकशे यार्ड. तिकडे मारलेला प्रत्येक फटका पळून काढायचा. क्षेत्ररक्षक उतारावरून चेंडूमागे धावणार आणि तेवढ्यात हे दोघं खेपा घालणार.

आता त्याच्या धावांची फोड बघा: १ षटकार, ४ वेळा पाच, ३१ चौकार, ३३ वेळा तीन, १४६ वेळा दोन, ८७ एकेरी. बेरीज करून पाहा, बरोबर ६२८ भरते.

यातल्या दुहेरी धावांत भिंतीला लागलेले फटके किती होते हे बाजूला ठेवू. सगळ्यात कंजूष हिशेब करू: त्या १४६ पैकी एकही पळून काढली नाही असं धरू, षटकार आणि चारही पाच-पाच धावांचे फटके सोडून देऊ. तरी एकेरी ८७, तिहेरीच्या ९९ आणि चौकारांच्या १२४, म्हणजे ३१० खेपा उरतात. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर धरलं तर साडेपाच किलोमीटरच्या जवळपास धाव होते, पॅड बांधून, बॅट हातात धरून. जोडीदारांच्या धावांसाठी पळाला ते वेगळंच.

त्या एका षटकाराबद्दलही सांगायला हवं. आज सीमारेषेच्या वरून चेंडू गेला की सहा. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये रीत अशी की सहा धावा हव्या तर चेंडू मैदानाच्याच बाहेर घालवायचा. असा फटका त्याने चार दुपारींत एकदाच मारला. बाकीचं सगळं काम पायांनी केलं.

तेव्हा भिंत जवळ होती, कबूल. पण भिंत जवळ असल्याचा फायदा दोन धावांचा, आणि उतार लांब असल्याचा दंड पायांना. माझं मत विचाराल तर हा हिशेब बऱ्यापैकी फिटतो.

आणि गोलंदाजी? ती तर लहान मुलांचीच असणार.

लहान मुलांचीच. फलंदाजही लहान मूलच होता.

हां, झेल भरपूर सुटले. शंभरीच्या आसपासही सुटले आणि सहाशेच्या पुढे गेल्यावरही दोनदा सुटले. सोडणाऱ्यांत अकरा वर्षांचं एक पोरगंही होतं, मैदानावरचं सगळ्यात लहान. त्या वयात पूर्ण आकाराचा सीझन बॉल अंगावर येतो तेव्हा हाताचं काय होतं ते ज्याने घेतला आहे त्यालाच कळेल.

६२८ हा आकडा नक्की किती खरा?

छान प्रश्न, आणि माझा आवडता.

स्कोअर लिहायला पोरंच बसली होती. त्यांतल्या एकाने, एडवर्ड पेगलरने, नंतर हसतहसत सांगितल्याचं म्हणतात की आकडा ६२८ खरा, त्यात वीस इकडे किंवा तिकडे धरा.

मला यात अजिबात आश्चर्य वाटत नाही. मी स्वतः शाळेत असताना दोन-चार सामन्यांना स्कोअर लिहायला बसलो आहे. खेळायला घेत नाहीत त्याला वही देतात, हा सार्वत्रिक नियम. एका सामन्यात आमच्या सलामीच्या जोडीने दीडशे केल्या. पंच बायचा हात वर करतोय, मी खाली मान घालून आधीच्या चेंडूची धाव खोडतोय, शेजारचा म्हणतोय ‘तीन पळाले रे, दोन काय लिहिलंस’, आणि कुणीतरी मागून वडापाव पुढे करतोय. संध्याकाळी फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा यांचा मेळ बसवायला गेलो तर सात धावांची तफावत. मग काय, जिथे बसतील तिथे बसवल्या. गोलंदाजांपैकी जो सगळ्यात कमी भांडखोर होता त्याच्या खात्यावर. दीडशेला सात, तर सहाशे अठ्ठावीसला वीस म्हणजे त्या पोरांनी वही माझ्यापेक्षा बरी ठेवली म्हणायची.

एक योगायोगही आहे. लिहायला बसलेल्या दुसऱ्या मुलाचं आडनाव हॉल. त्याच शाळेत १८६८ मध्ये एडवर्ड टायलकोट नावाच्या मुलाने नाबाद ४०४ केल्या होत्या, तोही त्या काळचा विक्रम. त्या डावात टायलकोटबरोबर फलंदाजी केलेल्यांत या हॉलचे वडील होते. बापाने एक विक्रम समोरच्या टोकावरून पाहिला, मुलाने दुसरा विक्रम वहीत उतरवला.

ती वही शाळेने जपून ठेवली आहे.

कॉलिन्सच्या आधी विक्रम कोणाच्या नावावर होता?

अँड्र्यू स्टॉडर्ट, ४८५ धावा, ऑगस्ट १८८६, हॅम्पस्टेड क्लबकडून स्टोइक्स संघाविरुद्ध. हा पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. आदल्या रात्री पहाटेपर्यंत पत्ते खेळत बसला होता आणि मग झोपण्यात अर्थ नाही म्हणून तसाच मैदानावर आला, असा त्याचा किस्सा सांगतात. हॅम्पस्टेडने ८१३ केल्या आणि दिवस संपला. डाव सोडायचा नियम नव्हताच, त्यामुळे स्टोइक्सना बॅट हातात धरायलाही मिळाली नाही. त्यांच्यापेक्षा नॉर्थ टाऊनच्या पोरांचं नशीब बरं.

नॉर्थ टाऊनने किती केल्या?

पहिल्या डावात ८७, दुसऱ्यात ६१. क्लार्क्स हाऊस एक डाव आणि ६८८ धावांनी विजयी.

आणि हो, कॉलिन्सने गोलंदाजीही केली. पहिल्या डावात ३३ धावांत ७, दुसऱ्यात ३० धावांत ४. सामन्यात अकरा बळी. हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगून टाकलं.

तेव्हा इंग्लंडमध्ये पाच चेंडूंचं षटक होतं. सहा चेंडूंचं षटक तिकडे पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये आलं.

नॉर्थ टाऊनची मुलं मैदान सोडून का नाही गेली?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा भाऊसाहेब निंबाळकर आठवत असतात. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा प्रथम श्रेणी विक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमाखाली कायमचं छापलं जाईल, ही भीती. त्यामुळे ते नाव वेगळ्याच कारणाने कायमचं छापलं गेलं. भाऊसाहेबांना कसोटीही कधी मिळाली नाही.

नॉर्थ टाऊनच्या पोरांना असा मान-अपमान सुचला नाही, किंवा शाळेच्या शिस्तीत सुचून उपयोग नव्हता. चार दुपारी त्यांनी उतारावरून चेंडू आणून दिले. या सगळ्या प्रकरणात खरे सभ्य गृहस्थ तेच, असं मला वाटतं.

एवढा खेळणारा मुलगा पुढे मोठा क्रिकेटपटू का झाला नाही?

कारण तो सैन्यात गेला. शाळेच्या मुख्य संघातून खेळला, रग्बी खेळला, बॉक्सिंगमध्ये शाळांच्या स्पर्धेत कांस्यपदकही मिळवलं. चांगला अष्टपैलू खेळाडू होता. १९०२ मध्ये वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकादमीत गेला आणि १९०४ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. जन्मभूमीत, म्हणजे हिंदुस्थानातही, त्याने नोकरी केली. लष्करी सामने खेळत राहिला. १९१३ मध्ये लॉर्ड्सवर इंजिनिअर्सकडून तोफखान्याच्या संघाविरुद्ध ५८ आणि ३६ केल्या. लॉर्ड्सवर अर्धशतक म्हणजे काही वाईट नाही. पण ६२८ च्या शेजारी ठेवलं की काहीही वाईटच दिसतं.

परगण्याच्या संघातून खेळायचं तर उन्हाळाभर मोकळं असावं लागे. हौशी खेळाडूला हे परवडायचं ते घरची इस्टेट असेल तर. आईबाप नसलेल्या, पगारावर जगणाऱ्या सैनिकी अधिकाऱ्याला कुठून जमणार? ‘हौशी’ या शब्दाची ही दुसरी बाजू. हौस पुरवायला दुसऱ्या कुणीतरी खर्च करावा लागतो.

त्याचा मृत्यू कसा झाला?

पहिल्या महायुद्धात. १९१४ च्या वसंतात त्याचं लग्न झालं, ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, आणि नोव्हेंबरात तो गेला. वय २९.

तेव्हा तो रॉयल इंजिनिअर्सच्या पाचव्या फील्ड कंपनीत कॅप्टन होता. जागा बेल्जियममधली ईप्र. ११ नोव्हेंबरला जर्मनांच्या प्रशियन गार्डने मोठा हल्ला चढवला. इंजिनिअर लोकांचं काम खरं तर पूल, रस्ते, खंदक, सुरुंग. पण त्या शरद ऋतूत ब्रिटिशांकडे माणसंच उरली नव्हती, तेव्हा फावडी टाकून त्यांनाही बंदुका घेऊन पुढे जावं लागलं. दोनच आठवड्यांपूर्वी, २८ ऑक्टोबरला, फ्रान्समध्ये नव शापेलला आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्याच, दोन कंपन्यांवर हीच पाळी आली होती. त्यांना साध्या पायदळासारखं हल्ल्याला सोडलं गेलं आणि त्यांची वाताहत झाली.

कॉलिन्स पॉलिगॉन वूड नावाच्या रानाजवळ पडला. आपल्या खंदकाची बाजू उघडी पडते आहे, अजून माणसं पाठवा, अशी खूण करत असताना त्याला गोळी लागली. त्या आघाडीवरच्या सैन्याचा कोअर कमांडर होता डग्लस हेग, तोही क्लिफ्टनचाच माजी विद्यार्थी.

त्याची कबर नाही. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर ज्या पन्नास हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं कोरली आहेत त्यांत त्याचं आहे. तिथे अविभाजित हिंदुस्थानातल्या जवानांचीही नावं आहेत. धाकटा भाऊ हर्बर्टही याच युद्धात, १९१७ मध्ये, मारला गेला.

आता कल्याण. प्रणव धनावडेने विक्रम मोडला तो नेमका कसा?

४ आणि ५ जानेवारी २०१६. के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल, भंडारी चषक. प्रणव पंधरा वर्षांचा, वडील रिक्षा चालवायचे. पहिल्या दिवसअखेर ६५२, म्हणजे कॉलिन्स त्याच दिवशी मागे पडला. दुसऱ्या दिवशी १००९ वर नाबाद असताना डाव घोषित. १२९ चौकार, ५९ षटकार. संघाच्या ३ बाद १४६५. समोरच्यांनी ३१ आणि ५२ केल्या, सामना एक डाव आणि १३८२ धावांनी जिंकला.

गंमत वेळेची आहे. प्रणव साधारण ३९५ मिनिटं खेळला, कॉलिन्स ४१०. दोघं जवळजवळ सारखाच वेळ उभे होते. प्रणवच्या १००९ पैकी ८७० धावा चौकार-षटकारांच्या, पळून काढलेल्या १३९. कॉलिन्सने, मघाच्या कंजूष हिशेबातही, त्याच्या दुपटीहून जास्त पळून काढल्या.

म्हणजे कॉलिन्सचा डाव मोठा?

असं मी म्हटलेलं नाही! दर वेळी हा निष्कर्ष काढून मला कल्याणवाल्यांकडून बोलणी खायला लावतात.

मैदान लहान, गोलंदाज कच्चे, हे आक्षेप प्रणवच्या डावावर त्याच आठवड्यात आले. ११६ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पोराच्या डावाबद्दल अगदी हेच बोललं जात होतं. मुंबईच्या शालेय क्रिकेटला हे नवीन नाही. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये पृथ्वी शॉने ५४६ केल्या तेव्हाही समोरचा संघ दुबळाच होता. दुबळ्या संघासमोर खेळायला तर हजारो मुलांना मिळतं. त्यातला एखादा दोनशेवर कंटाळून हवेत मारत नाही, तीनशेवर मारत नाही, जेवून येऊन पुन्हा पहिल्या चेंडूसारखा उभा राहतो. त्या भुकेचं मोजमाप मैदानाच्या यार्डांत होत नाही.

आणखी एक गोष्ट दोघांच्याही वाट्याला आली. एक आकडा आयुष्यभर पाठीला लागला. प्रणवला मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली होती, पुढे त्याच्या घरच्यांनीच पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. पंधराव्या वर्षी हजार केलेल्या मुलाने पुढच्या सामन्यात चाळीस केल्या तर लोक ‘काय झालं रे’ विचारतात. चाळीस चांगल्या असतात.

१८९९ ते २०१६ मध्ये कोणी जवळ आलं नाही का?

१९०२ मध्ये टास्मानियातल्या होबार्टला चार्ल्स ईडीने ५६६ केल्या. १९३३ मध्ये आपल्या मुंबईत दादाभॉय हवेवाला या पारशी फलंदाजाने बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेकडून सेंट झेवियर्सविरुद्ध ५१५ केल्या. मग पृथ्वी ५४६. बाकी बरेच जण चारशेत अडकले.

ते मैदान अजून आहे?

आहे. त्याला ‘कॉलिन्सेस पीस’, म्हणजे कॉलिन्सचा तुकडा, म्हणतात. या डावाची आठवण सांगणारा फलकही तिथे आहे.

कॉलिन्स नाबाद राहिला, मग शेवटी बाद कोण झालं?

रेडफर्न नावाचा मुलगा, अकराव्या क्रमांकाचा. पलीकडे त्याचा मित्र सहाशेच्या घरात, बाहेर गर्दी, वर्तमानपत्रांत बातम्या, आणि याला फक्त टिकायचं होतं. बराच टिकला. मंगळवारी तो झेलबाद झाला. धावा १३.